चारठाण्याची वाट आणि कानशीनं उडवलेली खुंटी

परभणीहून जिंतूरमार्गे चारठाण्याला सायकलवर जाता येतं का, असं मला गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं. येतं, आरामात येतं. रस्ता बरा आहे, चहा जागोजागी मिळतो आणि चारठाण्याची जुनी मंदिरं निवांत बघता येतात, तिथं अजून गर्दी होत नाही. पण या रस्त्यावरचे निम्म्याहून जास्त किलोमीटर मी जीव मुठीत धरून काढले आणि ती भीती मी स्वतःच्या हातांनी तयार केली होती. तुमच्या वाट्याला ती येऊ नये म्हणून हे लिहायला बसलोय. त्यात माझी अब्रू जाणार आहे, पण आता त्याची सवय झाली.

आधी ओळख करून देतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. सुनंदा, माझी बायको, पोस्टात काउंटरवर बसते. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. ती दोन महिने चालली, कंटाळली आणि एक दिवस सरळ रोड बाईक घेऊन आली. वाकड्या हँडलची, बोटभर जाड टायरची. पाठोपाठ मीही एक जुनी घेतली, कारण बायको एकटी जिंतूर रोडला जाते म्हटल्यावर मला घरात बसवेना. आता दर रविवारी ती पुढं असते आणि मी मागं. ती माझ्यापेक्षा जोरात चालवते, हे मी मान्य करून टाकलं आहे.

चारठाणा हे तिचं माहेर. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माहेरी एसटीनं जाऊन झालं, काळीपिवळी जीपनं झालं, भाच्याच्या लग्नात टेम्पोत बसूनही झालं. सायकलवर जायचं तेवढं राहिलं होतं. लहानपणी त्यांच्या घरात एक सायकल होती, पण ती भावाची. ही मागं कॅरिअरवर बसायची. यंदा डिसेंबरात ती म्हणाली, "हुरड्याला या वेळी पायडल मारत जायचं." आणि बेत ठरला.

अडचण एकच होती. तिच्या सायकलची पुढची मोठी चकती झिजली होती. पेडलच्या दांड्याला म्हणजे क्रँकला लागून दोन दातेरी चकत्या असतात, एक मोठी आणि एक लहान. त्यांच्यावरून चेन फिरते. मोठीचे दात झिजून एका अंगाला कलले होते. चढावर जोर लावला की चेन दातांवरून घसरायची आणि पाय एकदम रिकामा खाली जायचा. उड्डाणपुलावर एकदा ती अशीच तोंडावर आपटता आपटता वाचली. आमच्या गल्लीतला सायकलवाला चकती बघून म्हणाला, "सर, पलटी करून बसवू का? दुसऱ्या बाजूनं दात कोरे हायत." साध्या सायकलला हा इलाज बरोबर आहे, आपल्याकडं पूर्वीपासून चालतो. मी मात्र हसलो. फिटर ट्रेडच्या मास्तराच्या बायकोनं झिजलेली चकती उलटी करून चालवायची म्हणजे काय? ऑनलाइन नवी मागवली, चकती सव्वीसशे आणि चेन चौदाशे, आठवड्यात घरपोच आली.

आता माझा पराक्रम ऐका. रविवारी सकाळी व्हरांड्यात सायकल उलटी करून बसलो. घरात एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंत कुठल्याही यंत्राला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुनंदा दारात उभी राहून बघत होती. तिनं खोक्यातला घडी घातलेला कागद माझ्यासमोर धरला. "ह्याच्यात चित्रं दिलेत," म्हणाली. मी तो न उघडता बाजूला ठेवला. पाच बोल्ट काढले, जुनी चकती काढली, काळीभोर नवी चकती बसवली, बोल्ट आवळले. मग फडक्यानं पुसायला गेलो तर फडकं अडकलं. चकतीच्या बाहेरच्या अंगाला, दोन बोल्टांच्या मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी लोखंडी खुंटी वर आली होती.

तुम्ही कधी आयटीआयच्या फिटर शॉपमध्ये आला असाल तर तुम्हाला माहीत असेल. पहिले काही महिने मी पोरांकडून फक्त कानस मारून, म्हणजे लोखंड घासून घेतो. लोखंड कापलं की कडेला धारदार पापडी राहते, तिला आम्ही बर म्हणतो. बर राहिलेला जॉब, म्हणजे पोरानं घडवलेला तुकडा, मी हातात घेत नाही, मार्क कापतो. सव्वीस वर्षं हेच करत आलोय. त्यामुळं ती खुंटी दिसल्यावर माझ्या डोक्यानं विचार केलाच नाही, हातानं केला. मी कानस उचलली आणि पाच मिनिटांत खुंटी सपाट केली. वर सुनंदाला ऐकवलं, "आजकाल फिनिशिंगच राहिलं नाही कुणाच्या मालात." मला फार समाधान वाटलं होतं, हे कबूल करतो.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. थंडी चांगलीच होती. हातमोजे न्या, कान बांधा. जिंतूर रोडला लागलं की पहिले काही किलोमीटर गाड्यांची वर्दळ असते, मग दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली, तूर वाळत चाललेली, मधूनच वेचणी संपत आलेला कापूस. धुकं इतकं होतं की पुढं सुनंदाचा लाल दिवा तेवढा दिसत होता. झरीला उजाडलं. तिथं दहा रुपयांत चहा मिळाला, आल्याचा, कडक. सुनंदा खुशीत होती. चहावाल्या बाईनं विचारलं, "कुठवर जायलाव?"

"चारठाण्याला. माहेर हाय."

"मोटरसायकल न्हाई का घरी?"

"हाय की. मला ती आवडत न्हाई, लय आवाज करते," सुनंदा म्हणाली. बाई हसली आणि तिनं मला अर्धा कप जास्तीचा दिला, बहुतेक कीव येऊन.

झरी सोडून दोनेक किलोमीटर झाले असतील. सुनंदानं चेन लहान चकतीवरून मोठीवर घेतली आणि खट्ट असा आवाज आला. तिचे पाय जागच्या जागी अडकले. सायकल हेलकावली, पण वेग कमी होता, ती कडेला उतरून उभी राहिली. मी खाली बसलो. चेन मोठ्या चकतीच्याही बाहेर उडी मारून क्रँक आणि चकतीच्या फटीत जाऊन घट्ट रुतली होती. ओढून काढली, हात काळे झाले. गियरचा स्क्रू पाव फेरा आवळला, म्हटलं चेन जरा जास्त लांब ढकलली जात असेल. असं होतं कधी कधी. पण मनात आलं की माझ्या सायकलची चेनही आजवर दोन-तीनदा अशी बाहेर पडलीये, ती कधीच या फटीत शिरली नाही. का नाही?

माझी सायकल शेजारीच लिंबाला टेकवली होती. मी तिच्या क्रँकच्या मागं बोट घातलं. तिथं बरोबर क्रँकच्या आड लपलेली तुरीच्या दाण्याएवढी खुंटी बोटाला लागली.

म्हणजे ती बर नव्हतीच. चेन बाहेर पडलीच तर फटीत शिरू नये म्हणून तिथं मुद्दाम ठोकलेला तो अडसर होता. मी चकती बसवली तीच एक भोक चुकवून, म्हणून खुंटी क्रँकच्या आड न जाता उघड्यावर आली. आणि उघड्यावर आलेली बघून मी ती घासून टाकली. सुनंदाच्या चकतीवर काळ्या रंगात एक चकचकीत पांढरा ठिपका होता, माझ्याच कानशीनं पॉलिश केलेला. समोरून उसाचा ट्रक गेला. तिचे पाय अडकले तेव्हाच हा ट्रक शेजारून जात असता तर, हा विचार आला आणि मग तो दिवसभर गेला नाही.

"काय झालं?" सुनंदानं विचारलं.

आणि मी म्हणालो, "काही नाही. नवीन चकती आहे, बसू दे तिला जरा. आज मोठीवर घालूच नको, लहानीवरच चालव."

हे वाक्य मी का बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षांचा नियम होता, खोक्यातला तो कागद होता, फिनिशिंगबद्दलचं माझं भाषण होतं. आणि वाटलं की लहान चकतीवर राहिली तर काही होणार नाही, घरी गेल्यावर गुपचूप दुसरी मागवू. मी स्वतःला असं समजावलं आणि सायकलवर बसलो.

त्यापुढचा रस्ता मला आठवत नाही. बोरीला आम्ही पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट, वर शेव भरपूर. ते चांगले होते असं सुनंदा सांगते. मी तिचा उजवा पाय बघत होतो. लहान चकतीवर सपाट रस्त्याला पाय भराभर फिरतात, जोर लागत नाही, आणि तिला ते अजिबात आवडत नाही. दर थोड्या वेळानं तिचा हात गियरच्या खटक्याकडं जायचा आणि मी ब्रेक धरायचो. ट्रॅक्टरला जोडलेल्या कापसाच्या ट्रॉल्या अंगाजवळून जात होत्या. प्रत्येक ट्रॉली येताना मी मागून मोजायचो, आता ती सुनंदाच्या बरोबरीला आली, आता पुढं गेली. मग दुसरी यायची.

जिंतूरला अकराला पोचलो. पंचेचाळीसेक किलोमीटर होतात. बसस्टँडच्या आसपास गर्दी असते, सायकलवरून उतरून चाललेलं बरं. जेवणाला शंभर-सव्वाशेत पोटभर थाळी मिळते, भाकरी गरम मागून घ्या. इथून पुढं एसटी आहे, जीप आहे. माझ्यासमोर सरळ वाट होती, दोन वाक्यं बोलायची आणि सायकली जीपच्या टपावर टाकायच्या. मी बोललो, पण भलतंच. म्हणालो, "माझा गुडघा दुखायलाय. पुढं जीपनं जायचं का?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मग बॅगेतून बामची डबी काढली, हॉटेलच्या बाहेरच्या बाकावर माझा पाय मांडीवर घेतला आणि चारचौघांत माझा धडधाकट गुडघा चोळायला लागली. "सावकाश चला. मी थांबत थांबत जाते," म्हणाली. "इथवर आले, आता जीपनं नको. भाऊ वेशीत उभा राहणार हाय." शेजारच्या बाकावरचा म्हातारा सगळं बघत होता. तो मला म्हणाला, "मालक, लय नशीबवान हाव." मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तरीही तोंड उघडलं नाही.

जिंतूरच्या पुढं माळरान सुरू होतं. रस्ता वर चढतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. सायकल चालवणाऱ्याला हाच भाग खरा आवडेल, मोकळी हवा, लांबवर टेकड्या, दगडी बांधांची शेतं. माझं सगळं लक्ष उतारांवर होतं. चढाला ती लहान चकतीवरच राहणार. उताराला मात्र पाय रिकामे फिरतात आणि सवयीचा हात मोठीवर घेतो. पहिला उतार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या चढावर मी मागं पडलो. वर पोचलो तेव्हा ती निम्मा उतार उतरलेली होती, समोरून एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन चढ चढत होता, आणि मला तिचा उजवा पाय जोरात फिरताना आणि मग संथ होताना दिसला. संथ झाला म्हणजे तिनं मोठी चकती घेतली होती.

मी ओरडलो. तिचं नाव मी रस्त्यावर असं कधी ओरडलेलो नाही. ऐकून तिनं मागं वळून बघितलं, दुसऱ्यांदा खटका दाबला गेला की काय कोण जाणे, आणि चेन उडाली. पाय अडकले, सायकल तिरकी होऊन रस्त्याच्या मध्याकडं गेली, ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबून धरला. सुनंदानं ब्रेक मारले, हँडल डावीकडं ओढलं, कडेच्या मुरमावर सायकल फरफटली आणि ती एका पायावर उभी राहिली. ट्रॉली दोन हातांवरून निघून गेली. ट्रॅक्टरवाला थोडं पुढं जाऊन थांबला, वळून बघितलं, ती उभी दिसल्यावर हात हलवून गेला.

मी खाली पोचलो आणि सायकल मुरमावर टाकून तिच्याकडं धावलो. नव्या चकतीच्या दातांनी तिची पोटरी सोलवटली होती, रक्ताचे पाच-सहा ठिपके ओळीत आले होते. ती बाटलीतल्या पाण्यानं ते धूत होती.

"आधीच ओरडलात तुम्ही," ती म्हणाली. "चेन पडायच्या आधी. तुम्हाला ठाऊक होतं."

मग मी सांगितलं, तिथंच मुरमावर बसून. खुंटी, कानस, झरीच्या पुढं बोटाला लागलेली माझ्या सायकलची खुंटी, खोटा गुडघा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल किंवा बोल लावेल. तिनं रुमाल पोटरीला बांधला.

"खुंटीचं मला काही वाटत न्हाई," ती म्हणाली. "हातून होतं. पण झरीपासून मी पुढं चाललीय आणि तुम्ही मागून काय बघायलाव?"

"तुलाच बघत होतो."

"बघायलाव आणि बोलना गेलाव."

एवढंच म्हणून ती उठली, चेन स्वतः काढली, लहान चकतीवर घातली आणि निघाली. चारठाणा येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. तो शेवटचा रस्ता मला सगळ्यांत लांब वाटला.

तिचा भाऊ खरंच वेशीत उभा होता. बहिणीला सायकलवर येताना बघून त्याला हसावं की डोळे पुसावेत कळेना. "दाजी, आक्कानं तुमाला दमवलं वाटतं," म्हणाला. सुनंदानं खुंटीबद्दल चकार शब्द काढला नाही. पोटरीचं विचारल्यावर "खरचटलंय" एवढंच म्हणाली. दुपारी चार वाजता आम्ही मंदिरं बघायला गेलो. तुम्ही गेलात तर इथं घाई करू नका. कोरीव खांब, रानात उभा असलेला उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी बारव, हे बघायला दोन तास हवेत. शेकडो वर्षांचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले आहेत, खाच आणि खुंटी. मी एका खांबाच्या सांध्याकडं बघत उभा होतो, तर सुनंदा मागून म्हणाली, "ह्याला कानस लावू नका." मुरमावरून उठल्यापासून माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य होतं. मला बरं वाटलं, पण भीती गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत जायचं होतं आणि भावानं पिकअपमधून सोडतो म्हटलं, तर तिनं नाही सांगितलं होतं.

सकाळी ती म्हणाली, "इथं मिलिंदचं दुकान हाय ना, तुमच्या विद्यार्थ्याचं. तिकडं चला." मिलिंद माझ्याकडं फिटर शिकून गेलेला, आता स्टँडजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मला कुठल्याही अनोळखी दुकानात जायला चाललं असतं. पण दुसरं दुकान नव्हतं. मिलिंदनं सर आले म्हणून खुर्ची पुसली, चहा सांगितला, चकती हातात घेतली आणि तो चकचकीत ठिपका बघितला. "ही कोणी घासली?"

"मी," म्हणालो. मग काय झालं तेही सांगितलं.

तो हसला नाही, ही त्याची माणुसकी. थोडा वेळ चकती फिरवत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "सर, तुमीच सांगायचे. ड्रॉइंग बघितल्याबगर जॉबला कानस लावायची न्हाई. आमाला तर उभं करायचे त्याच्यासाठी."

सुनंदा माझ्याकडं बघत नव्हती. मला खोक्यातला तो कागद आठवला, व्हरांड्यात रद्दीवर ठेवलेला.

बोल्ट फिरवायची एलन की घ्यायला मी हात पुढं केला. ती आधीच सुनंदानं उचलली होती. "तुम्ही सांगा," म्हणाली. "हात लावू नका." मी स्टुलावर बसलो आणि सांगत गेलो. खुंटीचा आत राहिलेला तुकडा मागून पंच, म्हणजे बोथट लोखंडी खिळा, लावून मिलिंदनं ठोकला, तो टुणकन बाहेर पडला. त्या भोकात मागून चपट्या डोक्याचा बारीक स्क्रू घातला, पुढून नट आवळला, वरचं जास्तीचं कापलं. मग सुनंदानं चकती बसवली, या वेळी खुंटी बरोबर क्रँकच्या आड. बोल्ट ओळीनं आवळायचे नाहीत, एक सोडून एक घ्यायचा, थोडा थोडा, म्हणजे चकती वाकडी बसत नाही. तिनं तसं केलं. गियरचा स्क्रूही तिनंच फिरवला, चेन बाहेर जायची थांबेपर्यंत. तिचा हात स्थिर होता. पोस्टात हजारो शिक्के मारलेला हात आहे तो, हे मला अठ्ठावीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी शेकडो पोरांना शिकवलं, हिला कधी एक बोल्ट दिला नाही.

मिलिंद म्हणाला, "सर बोल्टवर लाल रंगाची रेघ मारायला लावायचे, वैनी. बोल्टावरून चकतीवर. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते." दुकानात लाल रंग नव्हता. त्यानं पैसे घेतले नाहीत, स्क्रूचे तरी दोन रुपये घे म्हटल्यावर नुसता हसला.

भावाच्या शेतात हुरडा खाऊन साडेदहाला निघालो. मला भूक नव्हती. वेशीबाहेर आल्यावर सुनंदा थांबली आणि म्हणाली, "आज तुम्ही पुढं."

मला वाटलं होतं की मागून बघत राहणं हीच सगळ्यांत मोठी भीती. तसं नव्हतं. आता ती मागं होती आणि मला फक्त चेनचा आवाज ऐकू येत होता. वारा आला की तोही जायचा. वळून बघितलं की ती म्हणायची, "समोर बघा." कालचा उतार आला, आज तो चढ होता. जिथं मुरमावर टायरची फरफट उमटली होती तिथून गेलो. त्याच्यापुढच्या उतारावर मागून खट् असा आवाज आला आणि मी ब्रेक आवळले. मग सर्रकन चेन सुरळीत चालल्याचा आवाज आला आणि सुनंदा माझ्या बाजूनं मोठ्या चकतीवर पुढं निघून गेली. मी जिंतूर येईपर्यंत तिला गाठू शकलो नाही.

दुपारी साडेतीनला घरी पोचलो. दोघांचा दोन दिवसांचा खर्च हजाराच्या आत झाला. कुणी जाणार असेल तर माझ्याकडून एवढंच: चकती बदलायची असेल तर खोक्यातला कागद आधी उघडा, खुंटी क्रँकच्या मागं जाते, आणि काही चुकलं तर पहिल्या चहाच्या टपरीवर सांगून टाका. मी रद्दीतून तो कागद शोधून काढला. दुसऱ्याच चित्रात खुंटीभोवती गोल काढून बाण दाखवला आहे. तो मी शॉपमध्ये फळ्याशेजारी लावलाय. पोरांनी का लावला विचारलं, तर सांगितलं.

भीती गेली का, असं कुणी विचारलं तर नाही. या रविवारी सुनंदा मानवतला एकटी गेली, तिथल्या मैत्रिणीकडं. मला शॉपची कामं होती. निघताना सवयीनं मी तिच्या सायकलपाशी वाकलो, तर ती म्हणाली, "बघितलंय मी." खरंच बघितलं होतं. पाचही बोल्टांवर नेलपॉलिशच्या लाल रेघा होत्या, भाच्याच्या लग्नासाठी आणलेल्या बाटलीतल्या. ती गेली आणि मी कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या सायकलकडं असंच बघितलं. माझ्या चकतीच्या पाचही बोल्टांवर तशाच रेघा होत्या. आणि क्रँकवर, जिथं मागं खुंटी आहे बरोबर तिथं, एक लाल ठिपका. कधी मारल्या, मला पत्ता नाही. म्हणजे मागून येताना तीही काहीतरी बघत होती.

मी खाली बसून एकेक रेघ तपासली. पाचही अखंड होत्या. शॉपची कामं सोमवारवर टाकली आणि मानवतच्या रस्त्याला लागलो.